रुळांच्या कडेने : बॅलार्ड पियर ते वडाळा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याची ओळख बहुतेकांना हार्बर लोकलच्या खिडकीतून किंवा पूर्व मुक्त मार्गावरून वेगाने जाताना होते. गोदामांच्या उतरत्या छपरांच्या रांगा, पत्र्याच्या शेडी, उभे ट्रक आणि मधूनच रस्ता तिरका कापून एखाद्या भिंतीपाशी संपणारे रूळ नजरेसमोरून सरकतात आणि आपण पुढे निघून जातो. हे रूळ मुंबई बंदराच्या स्वतःच्या रेल्वेचे आहेत. ही रेल्वे 1915 मध्ये सुरू झाली. बॅलार्ड पियर ते वडाळा हा तिचा दुहेरी मुख्य मार्ग सुमारे 11 किलोमीटरचा. परंतु त्याला फुटलेल्या सायडिंगा (गोदामांच्या दारापर्यंत जाणारे बाजूचे रूळ), गोदीतले फाटे आणि यार्डे मोजली तर एकूण रूळ 100 किलोमीटरच्या पुढे जात. मुख्य मार्गाचा काही भाग अजून उपयोगात आहे, सायडिंगा मात्र जवळपास सगळ्याच बंद पडल्या आहेत. बंदराच्या अठराशे एकरांच्या आसपास असलेल्या जमिनीच्या पुनर्विकासाची चर्चा गेली दहा-बारा वर्षे चालू आहे. त्या जमिनीवर नवे काही उभे राहण्याआधी हे रूळ जागेवर असतानाच नीट पाहून घ्यावेत, या हेतूने आम्ही जानेवारीत दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत निघालो.

आम्ही म्हणजे मी, वास्तुरचनेच्या व्यवसायात असलेली माझी मावसबहीण आणि वडाळ्याच्या पोर्ट वसाहतीत आयुष्य गेलेले एक गृहस्थ. बंदराच्या रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा, म्हणून ते नोकरीला लागले आणि यार्डातूनच निवृत्त झाले. आम्ही त्यांना काका म्हणतो. एक गोष्ट आधीच नोंदवतो. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 नुसार गुन्हा आहे आणि गोदीच्या भिंतीच्या आत परवान्याशिवाय जाता येत नाही. आम्ही सार्वजनिक रस्ते सोडले नाहीत आणि सोडण्याची गरजही पडली नाही, कारण या रेल्वेचे रूळ रस्त्यांमधून आणि गोदामांच्या दारांवरून गेलेले आहेत. ते पाहायला कुंपण ओलांडावे लागत नाही.

गुरुवार : बॅलार्ड इस्टेट ते ऑरेंज गेट

बॅलार्ड इस्टेटची 22 एकर जमीन समुद्र हटवून मिळवलेली आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती आणि दगड येथे टाकून भराव झाला आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार त्यावर एकमेकींशी मेळ राखणाऱ्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव या भागाला मिळाले. गोदी 1914 मध्ये खुली झाली आणि पुढच्याच वर्षी रेल्वे सुरू झाली. तिकडे माझगाव आणि शिवडीच्या दरम्यानचा मोठा भराव 1908 ते 1912 या काळात झालेला होता. हे सन शेजारी ठेवून पाहिले की गोदी, भराव आणि रेल्वे ही तिन्ही कामे एकमेकांच्या आधारावर उभी होती हे स्पष्ट होते. जहाजांना धक्का हवा, मालाला साठवणुकीची जागा हवी आणि त्या दोहोंना जोडणारे रूळ हवेत.

बॅलार्ड पियरच्या धक्क्याला लागूनच प्रवाशांसाठी एक स्थानक होते. विलायतेहून टपालबोटीने आलेला प्रवासी बोटीतून उतरून जवळच्याच फलाटावरून गाडीत बसे आणि शहरात पाऊल न टाकता उत्तर हिंदुस्थानाकडे निघे. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात येथूनच पेशावरला निघत असे. ती बीबीसीआय रेल्वेची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची, गाडी असल्यामुळे तिला आधी बंदराच्या रुळांवरून उत्तरेकडे जाऊन मगच पश्चिमेचा मार्ग धरावा लागे. ज्या मार्गाला आज आपण निव्वळ मालाचा मार्ग समजतो, त्यावरून त्या काळातली एक अत्यंत मानाची गाडी धावत होती, ही गोष्ट मुंबईकरांच्या विस्मरणात गेली याचे मला वाईट वाटते. स्थानक 1940 च्या दशकात बंद झाले. आता त्या किनाऱ्यावर क्रूझ टर्मिनल आहे.

ग्रीन गेटपासून पुढे गोदीची भिंत उजव्या हाताला ठेवून आम्ही पी. डिमेलो मार्गाने चालू लागलो. पूर्वी हा फ्रियर रोड होता. गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांचे नाव त्याला नंतर देण्यात आले. ग्रीन, रेड, ब्लू, यलो, ऑरेंज अशा रंगांच्या नावांनी ओळखले जाणारे गोदीचे दरवाजे या रस्त्याच्या कडेने येत राहतात, आणि अधूनमधून रस्त्याच्या पृष्ठभागावर रुळांच्या जोड्या उगवतात. पहिल्याच जोडीपाशी काका थांबले आणि रूळ कसा पाहायचा ते त्यांनी आम्हाला सांगितले.

“वरचा माथा बघायचा. गाडी जात असेल तर माथा आरशासारखा चकाकतो. महिन्यात एकदा जरी इंजिन गेलं तरी मधोमध बोटभर पांढरी रेघ राहते. सगळा माथा तांबडा झाला की समजायचं, इथलं काम सुटलं.”

रस्त्यातल्या रुळाची बांधणी साध्या रुळापेक्षा वेगळी असते. ज्यावरून चाक फिरते त्या मुख्य रुळाच्या आतल्या अंगाला आणखी एक रूळ समांतर बसवलेला असतो आणि दोहोंच्या मध्ये दोन बोटांहून थोडी अधिक रुंद खाच ठेवलेली असते. वाघिणीच्या, म्हणजे मालगाडीच्या डब्याच्या, चाकाची आतली कड या खाचेतून सरकते. रस्ता कितीही वेळा डांबरला तरी ही खाच मोकळी ठेवावीच लागते, कारण ती बुजली तर चाकाची कड वर उचलली जाते आणि वाघीण रुळावरून घसरते. गाड्या चालू होत्या तोवर लोखंडी सळईने खाच खरवडून माती आणि खडे काढण्याचे काम नेमाने चाले. आम्ही पाहिलेल्या खाचेत घट्ट बसलेली काळी माती होती, तिच्यात बाटल्यांची बुचे रुतली होती आणि एका टोकाला पिंपळाची दोन पानांची रोपटी उगवली होती. रस्त्याच्या अलीकडच्या डांबराचा एक थर तर एका रुळावर पूर्ण चढला होता, त्यामुळे जोडीतला एक रूळ दिसत होता आणि दुसऱ्याचा केवळ उंचवटा जाणवत होता.

यलो गेटच्या परिसरात 14 एप्रिल 1944 ची आठवण टाळता येत नाही. व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकाच वेळी होती. दुपारी कापसाला लागलेली आग आटोक्यात आली नाही आणि चार वाजून गेल्यावर झालेल्या दोन स्फोटांनी गोदी, आसपासची गोदामे आणि मांडवीपर्यंतची वस्ती उद्ध्वस्त केली. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो यांच्या स्मृतीसाठी. 1880 ची प्रिन्सेस गोदी आणि तिच्यानंतरची व्हिक्टोरिया गोदी अलीकडे भराव घालून बुजवण्यात आल्या, त्यामुळे ज्या पाण्यात ते जहाज उभे होते ते पाणीही आता राहिलेले नाही. अशा वेळी गोदीकडे वळणारा रस्त्यातला एखादा तिरका रूळच येथे काय होते ते सांगत उभा असतो. कर्नाक बंदराजवळचा 1868 चा पूलही 2022 मध्ये पाडला गेला आणि 2025 पासून त्या जागी सिंदूर पूल आहे. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याच्या कामाचे पत्रे लावलेले असल्याने त्या दिवशीचा फेरफटका तिथेच थांबवला.

शुक्रवार : भाऊचा धक्का, रे रोड, दारूखाना

मॅलेट बंदर मार्गाने आम्ही सकाळी भाऊच्या धक्क्याकडे गेलो. मोरा आणि रेवसच्या लाँचींची गर्दी, मासळीच्या टोपल्या आणि बर्फाच्या गाड्या यांतून रूळ शोधणे अवघड होते. जे सापडले ते ओल्या चिखलाखाली होते. तिथे फार वेळ न घालवता आम्ही डॉकयार्ड रोडवरून रे रोडकडे वळलो.

रे रोडचे स्थानक 1910 चे आहे. हार्बर मार्गाची पहिली गाडी त्या वर्षीच्या डिसेंबरात कुर्ल्याहून इथवर आली, आणि पुढची पंधरा-एक वर्षे हेच त्या मार्गाचे टोक होते. 1925 मध्ये मार्ग व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत वाढला आणि 3 फेब्रुवारीला त्याच मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. म्हणजे पश्चिमेला प्रवाशांची हार्बर लाइन आणि तिच्या पूर्वेला मालाची बंदर लाइन अशा दोन रेल्वे जवळजवळ एकाच वेळी, हाकेच्या अंतरावर उभ्या राहिल्या. एकीने कामगार आणले, दुसरीने त्यांच्या हाताला काम आणले. रे रोडला आता बॅरिस्टर नाथ पै मार्ग म्हणतात.

रेल्वेच्या पूर्वेला गेले की दारूखाना, लकडा बंदर, कौला बंदर अशी एकाला एक लागून नावे येतात. इमारती लाकूड, भंगार लोखंड, साखळदंड, जहाजांचे नांगर आणि बोटींची दारे यांचा हा बाजार आहे. 1971 च्या युद्धातली विक्रांत ही विमानवाहू नौका 2014 नंतर याच किनाऱ्यावर तोडली गेली. येथील सायडिंगांचे रूळ बहुतेक ठिकाणी भंगाराच्या ढिगांखाली किंवा घरांखाली गेले आहेत. रुळांच्या मधल्या पट्ट्यात दोन-तीन पिढ्यांपासून राहणारी कुटुंबे आहेत, त्यांच्या उंबऱ्यापुढे रुळाचा माथा दिसतो आणि त्यावर कपडे धुण्याचे काम चालते. आम्ही कोणाच्या दारात उभे राहून छायाचित्रे काढली नाहीत. एका आजींनी मात्र स्वतःहून बोलावून सांगितले, की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गाडी यायची, आधी एक माणूस हिरवा-तांबडा बावटा घेऊन चालत यायचा आणि मुलांना बाजूला करायचा. काका हसले आणि म्हणाले, “तो मीच असेन, किंवा आमच्यातलाच कोणीतरी.”

या भागात माझ्या बहिणीला एक वस्तू सापडली आणि आम्ही तिच्यापाशी बराच वेळ बसलो. एका वखारीच्या कुंपणाला खांब म्हणून जुन्या रुळाचे तुकडे उभे रोवलेले होते. रूळ गरम असतानाच त्याच्या उभ्या पोटावर कारखान्याची खूण, वजन आणि वर्ष उठावाच्या अक्षरांत उमटवण्याची पद्धत आहे. आम्ही पाण्याने गंज धुतला, वरून कोरड्या फडक्याने पुसले, आणि उन्हाकडे तिरके पाहिल्यावर टाटांच्या पोलाद कंपनीची आद्याक्षरे आणि त्यापुढे “90 आर” हे अक्षर-अंक स्पष्ट वाचता आले. 90 म्हणजे एक यार्ड लांबीला 90 पौंड, आजच्या हिशोबात मीटरला 44 किलो 600 ग्रॅमच्या आसपास वजनाचा रूळ. वर्षाचा आकडा होता तिथे नेमके तारेसाठी भोक पाडलेले होते. जमशेदपूरचा कारखाना 1912 पासून रूळ तयार करू लागला होता. शेजारच्या खांबावरची अक्षरे मात्र बोटांना लागत होती, डोळ्यांना वाचता येत नव्हती. रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्याने अशा कुंपणांची नोंद करायला हवी, कारण ज्या सायडिंगा उखडल्या गेल्या त्यांचे रूळ फार लांब गेलेले नसतात.

शनिवार : कॉटन ग्रीन

ज्यासाठी आलो तो भाग हा होता, त्यामुळे संबंध दिवस येथेच काढला. मुंबईचा कापूस आधी किल्ल्यातल्या मैदानात, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, उघड्यावर विकला जाई. 1844 मध्ये तो बाजार कुलाब्याला गेला. कुलाब्यालाही रेल्वे आली, तरी शहर वाढत गेले तशी आगीची भीती आणि जागेची टंचाई दोन्ही वाढल्या, आणि माझगाव-शिवडीच्या नव्या भरावावर 1920 च्या दशकात कापसासाठी स्वतंत्र गोदामनगर वसवले गेले. 1921 मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचा वारसा चालवणारी कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया आजही स्थानकाच्या पूर्वेच्या कॉटन एक्स्चेंज इमारतीतूनच काम करते.

या नगराचे खरे मूळ मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वऱ्हाडात आणि खानदेशात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि 1865 मध्ये कोसळल्या. त्यांतल्या एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारने विकत घेतली आणि 1873 मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा पाया तीच झाली. तिकडे 1870 मध्ये खामगावला कापसाच्या बाजारासाठी रेल्वेची खास शाखा पोहोचली होती. खामगावच्या जिनिंगमध्ये दाबलेली गाठ वाघिणीत चढली की ती कॉटन ग्रीनच्या गोदामाच्या दारातच उतरे. मधे बैलगाडी नाही, दुसऱ्यांदा चढवणे नाही. शेगाव, अकोला, अमरावती, जळगाव यांच्याशी मुंबईचे नाते सांगताना आपण गिरण्यांविषयी बोलतो, पण त्या नात्याचा सांधा या गोदामांच्या दारांत आहे.

झकेरिया बंदर मार्गाने आत शिरले की गोदामांच्या समांतर ओळी लागतात. प्रत्येक ओळीला दोन तोंडे आहेत, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला रूळ. एका गोदामाच्या रखवालदाराने दरवाज्यातून आत पाहण्याची परवानगी दिली, तेव्हा रुळांकडची बाजू आम्हाला जवळून दिसली. गोदामाचा ओटा जमिनीपासून सुमारे चार फूट उंच आहे. माझ्या बहिणीने टेप लावली आणि काकांनी लगेच खुलासा केला की वाघिणीच्या तळाची उंची तेवढीच असते. वाघीण ओट्याला लागली की मधल्या फटीवर लाकडी फळी टाकायची आणि गाठ सरळ आत लोटायची. आजची दाबलेली गाठ 170 किलोची असते. दोन हमाल तिच्या पट्ट्यांत लोखंडी आकडे अडकवत आणि ती कडेवर फिरवत नेत, उचलत नसत. ओट्याच्या कडेला दगड झिजू नये म्हणून लोखंडी पट्टी बसवलेली आहे आणि ती दरवाज्यांच्या समोर तेवढीच खोलगट झाली आहे. दोन दरवाज्यांच्या मध्ये तिची धार अजून शाबूत आहे. बोट फिरवले की माल नेमका कुठून गेला ते त्या पट्टीवरून कळते. 1969 च्या माथाडी कायद्याने ज्यांच्या मजुरीला आणि भविष्यनिर्वाह निधीला संरक्षण मिळाले, त्या माणसांच्या कामाची इतकी स्पष्ट खूण मी दुसरीकडे कोठेही पाहिलेली नाही.

दुपारी रस्त्याकडेच्या सावलीत बसून बहिणीने परिसराचा नकाशा काढला आणि या सगळ्या भागाची रचना आमच्या ध्यानात आली. ट्रक काटकोनात वळतो, वाघीण वळत नाही. तिला लांब, सावकाश वळण लागते. त्यामुळे मुख्य मार्गापासून निघालेली एक सायडिंग, तिच्यातून फुटलेली दुसरी, तिच्यातून तिसरी, अशा फांद्यांसारख्या रेषा आधी आखाव्या लागल्या आणि त्यांच्या मधल्या जागेत गोदामे बसवली गेली. म्हणूनच ओळीतले प्रत्येक गोदाम आधीच्यापेक्षा थोडे मागे सरकलेले आहे, कोपऱ्यावरच्या भिंती तिरक्या आहेत आणि काही आवारे विनाकारण त्रिकोणी वाटतात. ज्या ठिकाणी रूळ उखडून नेले आहेत त्या ठिकाणीही ही वळणे भिंतींमध्ये शिल्लक आहेत. नगररचनेचे आराखडे करणारे लोक या आवारांना वेडीवाकडी म्हणून सरळ करायला निघतात, तेव्हा ते कशावर रेघ ओढत आहेत हे त्यांनी आधी येथे येऊन पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. पूर्व किनाऱ्यावरचे रस्ते, भिंती आणि वखारी रुळांच्या मागून आल्या. रूळ काढून टाकले की उरलेल्या गोष्टींचे कारणच नाहीसे होते.

मग राखायचे काय, असा प्रश्न बहिणीने विचारला, कारण सगळे राखता येणार नाही हे तिला आम्हा दोघांपेक्षा अधिक कळते. बोलता बोलता आमचे एकमत झाले ते असे. कॉटन ग्रीनमधली एक संपूर्ण सायडिंग, म्हणजे मुख्य मार्गापासूनचा सांधा, वळण, रस्ता ओलांडणारी खाचेची जोडी, गोदामाचा ओटा आणि रुळाच्या टोकाला वाघीण अडवणारा बफर, ही साखळी न तोडता ठेवावी. सुटा रूळ उचलून बागेत ठेवला तर तो लोखंडाचा तुकडा होतो. त्याचा अर्थ तो कुठून येऊन कुठे जातो यात असतो. जिथे रस्ते सिमेंटचे होत आहेत तिथे खाच बुजवावी, पण रुळाचा माथा उघडा ठेवावा. आणि गोदामांच्या क्रमांकांच्या पाट्या काढू नयेत, कारण काकांसारख्या माणसांची सगळी आठवण क्रमांकांनी बांधलेली आहे. कोणती वाघीण कोणत्या क्रमांकाला कधी लागायची हे ते अजून सांगू शकतात, परंतु पाटी समोर असेल तरच.

संध्याकाळी परत जाताना एक सांधा पाहायला मिळाला, रस्त्याच्या अगदी कडेला. सांध्याची जीभ, म्हणजे निमुळती होत गेलेली पट्टी, एका बाजूला चिकटून गंजली होती. तिच्याजवळचा हाताने फिरवायचा दांडा, त्याला काकांच्या भाषेत घोडा म्हणतात, जमिनीत अर्धा रुतला होता. शेवटची वाघीण डावीकडच्या फाट्यावर गेली होती हे काकांनी पट्टीकडे पाहून ओळखले.

रविवार : शिवडी, वडाळा, रावळी

सुटीच्या दिवशी ट्रक कमी असल्यामुळे शिवडीकडचा रस्ता निवांत चालता आला. 1680 मध्ये बांधलेल्या शिवडीच्या किल्ल्यावरून हा सारा मुलूख एका नजरेत दिसतो. समोर ओहोटीची चिखलवट आणि तिच्यावर फ्लेमिंगोंचे थवे, त्यापलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरणाचे कारखाने, आणि जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू. पायथ्याला मुक्त मार्गाचे खांब, त्यांच्या सावलीत बंदर लाइन आणि पश्चिमेला हार्बर लाइन. मुक्त मार्ग 2013 मध्ये सुरू झाला, म्हणजे बंदराची रेल्वे शंभरीला टेकली असताना तिच्या डोक्यावरून मोटारी धावू लागल्या.

किल्ल्याच्या तटावर बसून आम्ही काकांना विचारले, की काम नेमके कशाने सुटले. न्हावाशेवामुळे, हे उत्तर आम्हाला अपेक्षित होते, आणि ते खरेही आहे, कारण 1989 मध्ये ते बंदर सुरू झाल्यावर कंटेनरचा माल तिकडे वळला. परंतु काकांच्या मते सायडिंगा त्याच्या आधीच उपाशी पडू लागल्या होत्या. पूर्वी रेल्वे सुट्या वाघिणींचा माल घेत असे. अकोल्याच्या दोन वाघिणी, जळगावची एक, अशी गाडी वडाळ्याच्या यार्डात यायची, तिथे ती फोडली जायची आणि प्रत्येक वाघीण तिच्या तिच्या गोदामापर्यंत पोहोचवली जायची. 1980 च्या दशकात भारतीय रेल्वेने हे काम आवरते घेतले आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी पूर्ण गाडीच चालवण्याचे धोरण स्वीकारले. अशी गाडी सहाशे-सातशे मीटर लांब असते. ज्या सायडिंगेवर पाच वाघिणी मावतात, तिथे ती उभीच राहू शकत नाही.

“चार चाकी वाघीण गेली आणि आमचं काम गेलं,” काका म्हणाले. “ट्रक नंतर आला. ट्रकला रिकामी जागा मिळाली म्हणून तो आला.”

त्यात 1982 चा गिरणी संप झाला आणि गिरण्यांची कापसाची मागणीच आटली. शिवडी आणि कॉटन ग्रीनची गोदामे त्या काळात दोन्ही बाजूंनी रिकामी होत गेली. माल आणणारी रेल्वे बदलली आणि माल घेणारी गिरणी बंद झाली. हे ऐकल्यावर आदल्या दिवशी पाहिलेल्या लोखंडी पट्टीची झीज कोणत्या वर्षांत थांबली असेल याचा अंदाज आला.

दुपारनंतर वडाळ्याला पोहोचलो. येथे बंदराची रेल्वे जिवंत आहे. पोलादाच्या आणि इतर मालाच्या पूर्ण गाड्यांसाठी हा मार्ग उपयोगी पडतो, आणि पुलावरून पाहिले तेव्हा काही रुळांचे माथे चकाकत होते, काहींवर काकांनी सांगितलेली मधली पांढरी रेघ होती आणि कडेच्या रुळांवर गुडघाभर गवत होते. एकाच यार्डात तिन्ही अवस्था शेजारी शेजारी पाहायला मिळाल्या. यार्डाच्या उत्तरेला रावळी जंक्शनजवळ बंदराचे रूळ देशाच्या रुळांना मिळतात. हार्बरच्या अंधेरीकडे आणि पनवेलकडे जाणाऱ्या गाड्याही तिथेच एकमेकींपासून वेगळ्या होतात, त्यामुळे रूळ पाहण्याची आवड असलेल्याने निदान एक तास हातात ठेवावा.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. गोदामांचा भाग पाहायचा तर शनिवारी सकाळी जावे. कामाच्या दिवशी दुपारी ट्रकांमुळे रूळ दिसतच नाहीत आणि रविवारी गोदामांचे दरवाजे बंद असतात. पायांत जाड तळव्याचे बूट हवेत, कारण भंगाराच्या भागात पत्र्याचे तुकडे पसरलेले असतात. रखवालदारांशी आधी बोलावे, कॅमेरा नंतर बाहेर काढावा. गोदीच्या दरवाज्यांपाशी छायाचित्रे काढू नयेत. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून शिवडीचा दिवस ठरवला तर पक्षीही दिसतात. अँटॉप हिलच्या गोदामांकडे गेलेले फाटे आम्हाला वेळेअभावी पाहता आले नाहीत. ते पावसाळ्यात गवताखाली जाण्याआधी पाहायचे असे काकांबरोबर ठरवून आम्ही वडाळा रोड स्थानकावर आलो.